डाव्या हाताचा ठसा

१

चांदीच्या भांड्यांची बुडं बघणं हा माझा धंदा आहे. जुन्या वस्तूंचा लिलाव करणाऱ्या एका पेढीत, दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत बसून मी तेहतीस वर्षं भांडी उलटी करते आणि भिंगातून त्यांचे ठसे वाचते. ठसे चार असतात: चांदी किती शुद्ध ते सांगणारा, कोणत्या गावात तपासली ते सांगणारा, वर्षाचं अक्षर आणि कारखान्याच्या मालकाची आद्याक्षरं. अक्षर दरवर्षी बदलतं, त्यामुळे वाचता येणाऱ्यापुढे भांड्याला आपलं वय लपवता येत नाही. माणसांना येतं, म्हणून मला भांडी बरी वाटतात.

कधीकधी पाचवी खूण सापडते, मोहरीएवढी. कारखान्यात दहा कारागीर असले तर कोणतं काम कोणाच्या हातचं ते कळावं म्हणून प्रत्येकजण आपली हातखूण मारायचा. कोणाचं टिंब, कोणाची रेघ. त्यांची यादी कुठल्याही कचेरीत नसते. कारागीर गेला की ती खूण कोणाची होती हे सांगणारं कोणी उरत नाही.

त्या सोमवारी एका बंद घरातलं सामान यायला सुरुवात झाली. चांदीच्या सहा पेट्या, दर सोमवारी एक. पहिल्या पेटीतलं पहिलं भांडं दुधाचं होतं. पोट गोल, मूठ जरा वाकडी. ठसे स्वच्छ होते आणि वर्षाचं अक्षर एकशे एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं होतं. मग मुठीखाली हातखूण दिसली. तीन टिंबं एका ओळीत, मधलं थोडं खाली घसरलेलं. प्रत्येक टिंबाला केसाएवढी दुसरी कड होती, घाव दोनदा बसल्यासारखी.

मी भिंग खाली ठेवलं आणि मोठ्याने म्हणाले, "हरामखोर!"

पेढीचे मालक नेमके दारात उभे होते. भित्रा माणूस. लिलावात हातोडा आपटतानाही स्वतःच दचकतो.

"मला म्हणालात, बाई?"

"नाही. माझ्या भावाला."

"पण तुमचे भाऊ तर..."

"हो. तेच ते."

मालक मागच्या पावली गेले.

२

आमचे वडील चांदीकाम करायचे. दादाला आणि मला त्यांनी एकाच ऐरणीवर शिकवलं. दादा डावखुरा. हातोडी डाव्या हातात, ठसा उठवायची पोलादी खुंटी उजव्या हातात, आणि एका घावात काम उरकायचा धीर अंगात नाही. आधी हलकेच टक् करून ठसा टेकवायचा, मग जोरात ठक्. त्या दोन घावांच्या मध्ये ठसा केसभर सरकायचा आणि कडेला सावली उमटायची. वडिलांनी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, पण त्याची खोड गेली नाही. मी मात्र एकाच घावात ठसा बसवायची, तोही इतका खोल की पत्रा मागून फुगायचा. वडील म्हणायचे, ही पोरगी ठसा मारत नाही, सूड उगवते.

पुढे तो घडवणारा राहिला आणि मी वाचणारी झाले. अकरा वर्षांपूर्वी आमच्या पेढीत एक मोठी झारी जुनी म्हणून आली. ठसे निर्दोष होते. पण थंड चांदीवर तोंडाची वाफ सोडली की लपवलेला सांधा क्षणभर रेघेसारखा दिसतो. मी वाफ सोडली. ठशांभोवती एक सुबक चौकोन उमटला. कोणीतरी जुन्या मोडक्या चमच्यावरचे ठसे कापून नव्या झारीच्या बुडात बसवले होते. इतका सुबक सांधा घालू शकणारा माणूस मला एकच माहीत होता. मी दाखल्यावर 'बनावट' लिहिलं. कोणी केली असेल असं मालकांनी विचारलं, तेव्हा तेही सांगितलं.

त्या संध्याकाळी दादा माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही. एवढंच म्हणाला, "वाफ सोडायची नव्हतीस गं." आणि जिना उतरून गेला. त्यानंतर तो कोणालाच दिसला नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, पेपरात फोटो झाला. मी एकदाही रडले नाही. मला राग आला होता, तो तसाच राहिला. चोरी त्याने करायची, आणि त्याला पकडून दिलं म्हणून आयुष्यभर मी तोंड लपवायचं? हा कुठला न्याय?

म्हणून ती तीन टिंबं पाहिल्यावर मला वाटलं, हा जिवंत आहे, कुठेतरी बसून पुन्हा बनावट माल करतोय, आणि निर्लज्जासारखा माझ्याच टेबलावर पाठवतोय. मी ते भांडं सोलून काढायचंच बाकी ठेवलं. वाफ सोडली, तर कुठे सांधा नाही. धातू तपासला, जुना. ठशांच्या कडा झिजलेल्या होत्या, आणि तशी झीज शंभर वर्षं फडक्याने घासल्याशिवाय येत नाही. मग मेणबत्तीच्या धुरावर हातखूण काळी करून चिकटपट्टीवर तिची छाप घेतली. घरी वडिलांनी आम्हाला सरावाला दिलेला तांब्याचा पत्रा होता, त्यावर दादाची टिंबं होती. दोन्ही शेजारी ठेवली. भिंगाखाली काडीचा फरक नव्हता.

दोनदा घाव घालणारे डावखुरे जगात शंभर असतील, असं मी स्वतःला बजावलं. तीन टिंबं कोणीही मारील. मधलं घसरलेलं? तेही कोणाचं असू शकतं. मी स्वतःशी वाद घालून जिंकले, आणि तरी दाखल्यावर 'अस्सल' लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं.

३

त्याच आठवड्यात भर दुपारी वहिनी पेढीत आली. दादाची बायको. दवाखान्यात एक्स-रे काढते, त्यामुळे समोरच्याच्या आतलं आपल्याला दिसतं असा तिचा समज आहे. तो बहुतेक वेळा खरा असतो.

"कोर्टाला तुझी सही हवी आहे," तिने कागद टेबलावर ठेवला. "त्यांना मृत धरावं म्हणून अर्ज केलाय. सख्खी बहीण तू, आणि शेवटचं तूच पाहिलंस."

"तो मेलेला नाही."

"मग आण त्यांना."

"वहिनी, उगाच..."

"उगाच काय? अकरा वर्षं मी ना इकडची ना तिकडची. एक माणूस आहे, चांगला आहे, थांबलाय माझ्यासाठी. पण तो तरी किती थांबणार? पुढच्या महिन्यात बावीस तारखेला अकरा वर्षं पुरी होतात. बारावं वर्ष मला त्या घरात, दाराकडे कान लावून काढायचं नाही. त्याच्या आत सही दे. एवढंच मागते."

तिचं चुकत नव्हतं. पण मेलेल्या माणसावर रागावता येत नाही, आणि माझं रागावून झालं नव्हतं. हे तिला कसं सांगणार? मी दुधाचं भांडं तिच्यापुढे सरकवलं आणि भिंग दिलं.

तिने पाहिलं. मग हातातली चांदीची बांगडी काढली आणि तिची आतली बाजू भिंगाखाली धरली. दादाने लग्नात दिलेली बांगडी. तीन टिंबं, मधलं घसरलेलं.

"त्यांचंच आहे," ती म्हणाली. "कधीचं आहे हे भांडं?"

"एकशे एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं."

मला वाटलं ती मला वेड्यात काढेल. तिने भांडं जपून माझ्याकडे सरकवलं. मग बांगडी पुन्हा हातात चढवत अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मग तर ते मेलेच ना गं."

मी तिला जवळजवळ हाकललंच.

४

दुसऱ्या पेटीत साखरदाणी, मीठदाणी आणि एक पेला. तिसऱ्या पेटीत वाट्या आणि झाकणाचा डबा. प्रत्येक वस्तूवर तीन टिंबं, आणि प्रत्येक वस्तूचं अक्षर आधीच्या वस्तूच्या पुढचं. एक वस्तू, एक वर्ष. कोणीतरी मुद्दाम निवडून ठेवल्यासारखं.

पहिल्या वर्षाचं काम अवघडलेलं होतं, अवजारं परकी असल्यासारखं. तिसऱ्या वर्षी हात बसला. सहाव्या वर्षाचा पेला इतका देखणा होता की मला हेवा वाटला आणि हेवा वाटल्याचा संताप आला. आमच्यात होतास तेव्हा असं काम केलं असतंस तर काय बिघडलं असतं? नवव्या वर्षी टिंबं किंचित थरथरली होती. सावली मात्र तशीच. कुठे गेला होता कोण जाणे, पण खोड बरोबर घेऊन गेला होता.

आवाज तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला. माझ्या टेबलामागे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे काही नाही. दोन मजले खाली गल्ली, मध्ये नुसती हवा. त्या भिंतीतून सकाळी अकराच्या सुमाराला आवाज आला. टक्. मग ठक्.

खालच्या गल्लीत कोणीतरी पत्रा ठोकतंय, असं मी म्हटलं. खिडकीतून वाकून पाहिलं. गल्लीत एक माणूस सायकलला टेकून फोनवर बोलत होता. पाइपातून आवाज येत असेल, असं म्हटलं. त्या भिंतीत पाइप नाही, हे मला चांगलं माहीत होतं. टक्. ठक्. मधला वेळ मी ओळखत होते. लहानपणी शेजारी बसून हजारदा ऐकला होता. त्या मधल्या वेळात मी नेहमी मनात म्हणायची, मार की एकदाचा.

चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी उठून भिंतीवर मुठी आपटल्या. "बाहेर ये! हिंमत असेल तर समोर ये! त्या बिचारीला अकरा वर्षं टांगून ठेवलंस, मला चोरासारखं जगायला लावलंस, आणि तिकडे निवांत ठोकत बसतोस?"

धावत आलेले मालक दारातच थबकले. "बाई, तुम्ही चांदी तपासता की तिच्याशी भांडता?"

"तुम्हाला आवाज येत नाही?"

"तुमचा येतोय. खालच्या मजल्यापर्यंत येतोय."

ते गेल्यावर मी कान भिंतीला लावला. ठोकणं थांबलं होतं. पण ती शांतता रिकाम्या खोलीची नव्हती. काम करता करता कोणी मान वर करून ऐकत राहावं, तशी होती. मी कान काढून घेतला. त्या दिवशी लवकर घरी गेले.

५

चौथ्या पेटीत दहावी, अकरावी आणि बारावी वस्तू होती. दहावी आणि अकरावी हातावेगळी केली. बारावी म्हणजे एक मोठं सपाट तबक. आधी तीन टिंबं सापडली, म्हाताऱ्या हाताची. त्यांच्या शेजारी दुसरी हातखूण होती.

उलटा त्रिकोण. डावा कोपरा तुटलेला.

तो ठसा माझा आहे. चौदा वर्षांची असताना मी तो दादाच्या डोक्यावर फेकून मारला होता. नेम चुकला, ठसा फरशीवर आपटला आणि कोपरा उडाला. वडिलांनी नवा दिला नाही, म्हणाले हीच तुझी शिक्षा. असा मोडका त्रिकोण जगात दुसरा नाही. आणि तबकावरचा घाव एकच होता, खोल. बोटाने चाचपलं तर वरच्या बाजूला पत्रा फुगलेला होता.

मी चांदीवर शेवटचा घाव घातला त्याला पस्तीस वर्षं झाली. हे तबक माझ्या आजोबांपेक्षा म्हातारं.

हा सांधा असलाच पाहिजे, असं मी म्हटलं. सरावाच्या कुठल्यातरी तुकड्यावरून माझी खूण कापून इथे बसवली असणार. त्याला तेवढंच येतं. मी तबक दोन्ही हातांनी तोंडाशी धरलं आणि वाफ सोडली.

सांध्याची रेघ उमटली नाही. वाफ कडेपासून विरत गेली, आणि जिथे माझी खोली दिसायला हवी होती तिथे दुसरी खोली दिसली. ठेंगणं छत. काजळलेली खिडकी. लांब बाकावर पाठमोरा एक माणूस, पांढरे केस, खांदे पुढे आलेले, डाव्या हातात हातोडी. त्याच्या शेजारी एक बाई, तीही पाठमोरी. केस माझ्यासारखे, वर गुंडाळून पेन्सिल खोचलेले. तिचा हात वेगाने वर गेला. ती रागात आहे हे पाठीवरूनही कळत होतं. म्हातारा तिच्या बाजूला वळू लागला, आणि वाफ वाळली.

तबकात माझा चेहरा होता, आणि मागे माझी भिंत.

मी घाबरले. इतकी घाबरले की तबक टेबलावर ठेवताना त्याचा खडखडाट झाला. मग मालकांवर विनाकारण ओरडले, आणि थोडं बरं वाटलं.

६

घरी जाऊन आधी कपाट उघडलं. मोडका ठसा डबीत होता, जिथे असायला हवा तिथे. मी डबीला दोरी गुंडाळली, ती कपाटाच्या तळाशी टाकली, कुलूप लावलं आणि मोठ्याने सांगितलं, "मी कुठेही येणार नाही. ऐकलंस? तुझ्या चुका निस्तरायला मी मोकळी बसलेली नाही." रिकाम्या घरात हे बोलणं कसं वाटतं ते मला कळत होतं. तरी दोनदा बोलले.

पाचव्या पेटीत तीन वस्तू, तिन्हींवर दोघांच्या खुणा शेजारी शेजारी. सहावी पेटी एकवीस तारखेला आली. तिच्यात चार वस्तू होत्या. सोळावी, सतरावी, अठरावी. दादाची टिंबं वर्षागणिक फिकट होत गेलेली. अठराव्या वर्षाच्या चमच्यावर ती इतकी हलकी होती की दुसरा घाव घालण्याचं बळच उरलं नसावं. पण मधलं टिंब जाग्यावर होतं. पहिल्यांदाच तिन्ही एका ओळीत बसली होती. शेजारच्या माझ्या त्रिकोणाने तेव्हा काय म्हटलं असेल कोण जाणे. बहुतेक त्याला चिडवलं असेल.

एकोणिसावी वस्तू साधी वाटी होती. तिच्यावर माझी खूण एकटीच होती. घाव खोल नव्हता, कसाबसा टेकवलेला. माझा हात असा मला माहीतच नव्हता.

मी हिशेब मांडला नाही, तो आपोआप मांडला गेला. अकरा वस्तूंवर तो एकटा. अकरा वर्षं उद्या पुरी होत होती. नंतरच्या सात वस्तूंवर आम्ही दोघं.

डोळे भरून आले म्हणून रुमालासाठी ॲप्रनच्या खिशात हात घातला. हाताला थंड, जड काहीतरी लागलं. मोडक्या कोपऱ्याचा ठसा. त्याला दोरीचा एक तंतू चिकटलेला होता. सकाळी कपाट उघडल्याचं मला आठवत नव्हतं. मी तो खिडकीतून खाली फेकला, खिडकी लावली, खुर्चीत येऊन बसले. बसताना तो पुन्हा मांडीला टोचला.

मग भिंतीतला आवाज सुरू झाला. मी भिंतीवर मुठी आपटल्या नाहीत. ऐकत बसले.

७

वहिनी दुपारी आली ती भांडायच्या तयारीने. पदर खोचलेला, हातात तोच कागद. "हे बघ, उद्या बावीस. आज मी सही घेतल्याशिवाय..."

"दे इकडे."

ती गोंधळली. मी कागद ओढून घेतला आणि जिथे पेन्सिलीची फुली होती तिथे सही केली. माझा भाऊ माझ्या माहितीप्रमाणे हयात नाही. पेन कागदातून आरपार गेलं नाही. हात विचित्र हलका पडला होता.

वहिनी खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायचं तिच्या ध्यानात आलं नाही. "अगं, कालपर्यंत फोन उचलत नव्हतीस. आज काय झालं?"

"एका वाटीवर त्याची खूण नव्हती."

तिला ते कळलं की नाही माहीत नाही. तिने माझा हात धरला. तिचा हात गरम होता. एवढी वर्षं आम्ही एकमेकींना जेमतेम सहन केलं, आणि आता मला तो हात सोडवेना.

"त्या माणसाशी लग्न कर," मी म्हणाले. "लवकर कर. आणि माझ्या घराची किल्ली ठेव तुझ्याकडे. कपाटातला तांब्याचा पत्रा तुझा."

"असं काय बोलतेस? कुठे निघालीस का?"

"मी कशाला जातेय? मला कोण विचारतंय?"

तिने माझ्याकडे एक्स-रे पाहिल्यासारखं पाहिलं. भिंतीकडेही पाहिलं. मग तिला तिथे काही दिसलं नाही म्हणून की दिसायला नको होतं म्हणून ते कळलं नाही, पण तिने नजर काढून घेतली आणि कागदाची घडी घातली.

"एक सांगू? तुझी मला काळजी वाटते," ती म्हणाली. "अकरा वर्षं त्या रागावर जगलीस. आता ते गेले म्हणून सही केलीस. आता हा राग कोणावर काढशील?"

"त्याच्यावरच. समोर बसवून."

ती रडता रडता हसली. "काढ बाई. माझ्या वाटचंही बोल त्यांना. काही शिल्लक ठेवू नकोस."

"नाही ठेवणार," मी म्हणाले. "घाई कसली? सात वर्षं आहेत आमच्याकडे."